पत्र्याला पोट का येतं?

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी पत्र्याचीच आहेत. मृग जवळ आला की खानापूर-जांबोटीकडे पन्हळी आठवतात आणि हुक्केरी-चिकोडीकडे मोटरपंपाची झाकणं. तेव्हा हा अंक पत्रेकामाला.

शेतावरच्या मोटरीसाठी २० गेज (सुमारे ०.९ मिमी जाडीच्या) सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेल्या साध्या लोखंडी पत्र्याचं झाकण केलं. वरचा भाग ६०० बाय ४५० मिमी. कडा खाली वाकवून कोपरे वेल्डिंग करून घेतले. आता वरचा पत्रा मधोमध फुगलाय. अंगठ्याने दाबला की ‘टक्’ करून आत जातो, सोडला की परत वर. हातोडीने बसवायला गेलो तर जास्तच फुगला.
– वाचक, हुक्केरी

ठोकून फुगवटा वाढला यात नवल नाही. खाली लोखंड आणि वर हातोडी अशा चिमटीत पत्रा सापडला की तिथे तो पातळ होतो आणि पसरतो. पोट म्हणजे मधल्या भागात कडांच्या मानाने जास्त झालेला पत्रा. आधीच जास्त असलेल्या जागी आणखी पसरवला तर तो जाणार कुठे? वर किंवा खाली, एवढंच.

आता एक आठवून पाहा. ही टक्‌-टक् हातोडी लावण्याआधी, वेल्डिंग झाल्या झाल्या सुरू झाली होती का? तसं असेल तर मूळ दोष मधे नाहीच, कोपऱ्यांत आहे. वेल्डिंगची रेघ थंड होताना आखडते आणि कडा ओढून धरते. कडा आखूड पडल्या की मधला पत्रा न ठोकताही ‘जास्त’ ठरतो. दिसतं पोट, पण दुखणं काठाला असतं.

म्हणून सुरुवात कोपऱ्यांपासून करा. वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणा. आतून डॉली (डेंटिंगवाले पत्र्याखाली धरतात तो गुळगुळीत लोखंडी गोटा) घट्ट टेकवा आणि वेल्डिंगच्या रेघेवर हलके, जवळजवळ ठोके द्या. रेघ किंचित लांबते आणि कडांवरचा ताण सुटतो. पुष्कळदा एवढ्यावरच पोट अर्धं उतरतं.

उरलेल्या पोटासाठी मधल्या भागाला हात लावू नका. कडेपासून आत ४०-५० मिमीचा पट्टा धरा आणि त्या पट्ट्यातच, खाली डॉली ठेवून, चौफेर हलके ठोके द्या. कडेजवळ दाट, आत येताना विरळ. वीस-पंचवीस ठोक्यांनंतर थांबून अंगठ्याने दाबून पाहा. इथे घाई केली तर काठ गरजेपेक्षा लांबतो, मग पोट जातं पण कडा लाटेसारख्या हलू लागतात. ते दुरुस्त करणं जास्त कटकटीचं.

तेवढ्यानेही भागलं नाही तर उष्णतेने आखडवायचं. फुगवट्याच्या सर्वांत उंच जागी ८ ते १० मिमीचा एकच ठिपका छोट्या टॉर्चने लाल करा. भोवतालचा थंड पत्रा त्याला बाजूला पसरू देत नाही, म्हणून मऊ झालेला ठिपका जागच्या जागी जाड होतो. लाल असतानाच लाकडी हातोड्याने दोन-तीन हलके ठोके द्या आणि लगेच ओला फडका दाबा. थंड होताना तो चारी बाजूंनी पत्रा ओढून घेतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय निकाल कळत नाही, म्हणून एका वेळी एकच ठिपका. रुपयाएवढा मोठा ठिपका केला तर भोवती सुरकुत्या पडतात. ही युक्ती जस्त न चढवलेल्या साध्या लोखंडी पत्र्यावरच वापरा, आधी रंग खरवडून. जीआयवर (जस्त चढवलेल्या पत्र्यावर) नको: जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो. आणि पेट्रोलची टाकी रिकामी असो वा धुतलेली, तिला टॉर्च लावायचा नाही.

पुढचं झाकण करताना मात्र सपाट ठेवूच नका. कडा वाकवण्याआधी वरच्या भागावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा आखा आणि त्या रेघांवर पत्रा अगदी थोडा मोडा, मध्यबिंदू ४-५ मिमी वर येईल इतकाच. एसीच्या डक्टवर अशी फुली दिसते ती शोभेसाठी नसते. पत्रा ताठ राहतो, टक्‌-टक् होत नाही, आणि तुमच्या बाबतीत पावसाचं पाणीही चारी बाजूंना उतरेल.

दुकानासाठी बाहेरून ३०० बाय २०० बाय ५० मिमी मापाचे ट्रे हवेत. २० गेज पत्र्यावर बरोबर ३०० आणि २०० आखून वाकवलं, तरी ट्रे जवळजवळ २ मिमी मोठा होतो आणि फळीच्या खाचेत बसत नाही. कोपऱ्यात चीरही पडते.
– वाचक, निपाणी

माप चुकलेलं नाही, चुकीच्या बाजूला लागलं आहे. रेघेवर अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) दाबून पत्रा वर उचलला की ती रेघ आतला कोपरा होते. म्हणजे तुमचे ३०० हे आतलं माप झालं. बाहेर दोन्ही बाजूंना पत्र्याची जाडी आली: ०.९ आणि ०.९, मिळून १.८ मिमी. बाहेरून ३०० हवेत तर रेघा २९८.२ वर आखा, २०० साठी १९८.२ वर.

भिंतीच्या उंचीचा हिशेबही लागलीच सांगतो. वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो. तीक्ष्ण मोडीत जाडीच्या साधारण निम्मा पत्रा खर्च होतो. आतून बरोबर ५० उंची हवी तर रेघेपासून ५०.५ घ्या. म्हणजे लांबीच्या दिशेने सपाट पत्रा २९८.२ अधिक दोनदा ५०.५, एकूण ३९९.२ मिमी. वरचा काठ हाताला लागू नये म्हणून ८ मिमी दुमडायचा असेल तर दोन्हीकडे तेवढा वाढवा. सगळे ट्रे कापण्याआधी त्याच पत्र्याची बोटभर रुंद पट्टी वाकवून मोजा. मोडीची गोलाई प्रत्येकाच्या अँगलवर ठरते.

चीर पडते कारण कात्रीचं टोक रेघेच्या पुढे गेलेलं असतं, आणि त्या बारीक टोकापासूनच पत्रा फाटत जातो. वाकवण्याच्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे आधी ३ मिमीचं भोक पाडा, मग भोकापर्यंतच कापा. भोकाला टोक नसतं, चीर सुरू व्हायला जागाच मिळत नाही.

वाकवण्यासाठी ४० बाय ४० बाय ५ चे दोन अँगल आणि दोन सी-क्लॅम्प पुरतात. लांब अँगल मधे फाकतो, म्हणून ५०० मिमीच्या वर मधे तिसरा क्लॅम्प घ्या. हातोडीने थेट मोडीवर मारू नका. लाकडी पट्टी टेकवून पूर्ण लांबी एकदम २५-३० अंश दाबा, मग पुन्हा पहिल्या टोकापासून. एक टोक आधी काटकोनात नेलं की मधला पत्रा ताणला जातो आणि ट्रेच्या तळाला पीळ बसतो. पत्रा दोन-तीन अंश परत फिरतो, तेवढा जास्त वाकवा. समोरासमोरच्या दोन भिंती उभ्या झाल्यावर अँगल आत मावणार नाही. उरलेल्या दोन बाजूंसाठी १९७ मिमी लांबीचा सागवानी ठोकळा करून ठेवा, कडा रंध्याने काटकोनात घेतलेला.

दुकानदाराने २० गेज म्हणून दिलेला पत्रा ०.८ मिमी भरला. फसवलं का?
– वाचक, बेळगाव

०.८ म्हणजे २१ गेज. आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) मापाप्रमाणे १६ म्हणजे १.६३ मिमी, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. पत्रा किलोवर घेतला असेल तर पैशात नुकसान नाही, ताठपणात आहे. ताठपणा जाडीच्या घनावर चालतो, त्यामुळे ०.९१ च्या जागी ०.८ आला की तो एक तृतीयांशाने कमी होतो. पुढच्या वेळी गेज विचारू नका, मिलिमीटर सांगा. कडेवर बर (कापताना उठलेली धार) असतो, म्हणून कडेपासून १५ मिमी आत मायक्रोमीटरने मोजा. आठ बाय चारचा अख्खा पत्रा घेतलात तर वजनही सांगतं: २० गेज सुमारे २१ किलो, ०.८ चा १९ च्या आत. सरावासाठी अख्खा पत्रा घेऊच नये, उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटपीस विचारावेत.

गोल कापताना काठ वेडावाकडा होतो.
– वाचक, खानापूर

कात्री तपासा. हिरव्या मुठीची उजवीकडे वळते, लाल मुठीची डावीकडे. उलट कात्रीने ओढून वळवलं तर काठ दुमडणारच. आधी रेघेपासून ५-६ मिमी बाहेरून कापा, मग रेघेवरून. दुसऱ्या वेळी सुटणारी पट्टी अरुंद असते, ती स्वतः गुंडाळली जाते आणि काम सपाट राहतं. पातं पूर्ण मिटवू नका, दर वेळी टोकाच्या १० मिमी आधी थांबून पुढे सरका. काठावर दिसणारे बारीक दात म्हणजे मिटलेल्या टोकाच्या खुणा.

१ मिमी तांब्याच्या १५० मिमी व्यासाच्या चकतीपासून वाटी करतोय. लाकडात खळगा करून त्यात ठोकतो. दोनदा काठ फाटला. पितळेचं करून पाहिलं, ते तर तापवून पाण्यात टाकताच तडकलं.
– वाचक, चिकोडी

इथे वरच्या झाकणाच्या उलट गोष्ट चालू आहे. वाटी होताना काठाचा घेर आखडायला हवा. तो आपोआप आखडत नाही, त्याला निऱ्या पडतात. त्या निऱ्या लहान असतानाच लाकडी हातोड्याने आत दाबून जिरवायच्या. निरी घडीसारखी एकमेकींवर पडली की त्या घडीतच तांबं चिरतं. बहुतेक पहिल्या फाटण्याचं कारण तेच असावं.

दुसरं कारण कात्रीचे दात. चकती कापल्यावर काठ कानशीने आणि मग पॉलिश पेपरने बोटाला लागणार नाही इतका साफ करा. चीर तिथूनच निघते.

तिसरं, तांबं मऊ करायला उशीर. हातोडीखाली तांबं कडक होत जातं. कानाला कळतं: सुरुवातीला ठोका बद्द वाजतो, कडक झाल्यावर टणत्कार येतो आणि हातोडी हातात उसळते. तो आवाज आला की थांबायचं. काठापासून मध्यापर्यंत गोल गोल एक फेरी झाली की तापवायचं, असा नियमच ठेवा. खोलीत अंधार करून मंद लाल दिसेपर्यंत तापवा, त्याहून पुढे नको. तांबं तसंच पाण्यात टाकलं तर चालतं. पितळ मात्र नाही, आणि तुमचं तडकलं ते त्यामुळेच. पितळेला लाली जाऊन हात लावण्याजोगं होईपर्यंत हवेतच ठेवा. ॲल्युमिनियमचं काम कधी केलंत तर रंगाची वाट पाहू नका, ते ६६० अंशांना लाल न होताच ओघळतं. पत्र्यावर आंघोळीच्या साबणाची रेघ ओढून मागून तापवा. रेघ काळपट झाली की बस्स.

तापवल्यावर आलेला काळा थर चिंच-मिठाने काढून धुतल्याशिवाय पुढे ठोकू नका, नाहीतर तो हातोडीखाली तांब्यात रुतून बसतो.

वाटी किती खोल होईल हे आधी काढता येतं. तोंडाच्या त्रिज्येचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, ही बेरीज चकतीच्या त्रिज्येच्या वर्गाएवढी येते, पत्रा फार पातळ केला नाही तर. तुमच्या चकतीची त्रिज्या ७५, वर्ग ५६२५. खोली ३८ घेतली तर १४४४ वजा होऊन ४१८१ उरतात, म्हणजे तोंडाची त्रिज्या साधारण ६५ आणि व्यास १३०. याहून खोल हवी असेल तर खळग्यात ठोकून भागणार नाही, बाहेरून स्टेकवर (गोल माथ्याच्या लोखंडी खुंट्यावर) घेऊन काठ आखडवावा लागेल.

आकार आल्यावर मठार. तांबट-कासारांच्या भांड्यांवर ठोक्यांच्या चकाकत्या टिकल्या ओळीने दिसतात, तेच. खाली वाटीच्या गोलाईचा गुळगुळीत गोळा, वर आरशासारखं घासलेलं तोंड असलेली हलकी हातोडी. मध्यापासून सुरू करा, प्रत्येक ठोका आधीच्या टिकलीवर निम्मा चढवा आणि वर्तुळं मोठी करत काठाला या. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा असला तर तो वाटीवर शेकडो वेळा छापला जाईल. वाटी खाण्यासाठी वापरणार असाल तर आतून कल्हई हवीच. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हई केलेलं भांडं रिकामं विस्तवावर ठेवू नये.

कौलारू घराला २४ गेज जीआयची अर्धगोल पन्हळ घरीच केली, १५० मिमी रुंद, १२ मीटर लांब. जोडांना डाग (सोल्डर) देतो. दरवर्षी पहिल्या पावसात जोड फुटून पाणी भिंतीवर येतं.
– वाचक, जांबोटी

डाग कच्चा असेल हे एक कारण, पण ‘दरवर्षी’ म्हणता तेव्हा आमचा संशय खिळ्यांवर आहे. लोखंडी पत्रा एक अंश तापमानाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतो. पहाटेचा गारवा आणि एप्रिलच्या उन्हात तापलेला पत्रा यांत ४० अंशांचा फरक धरला तर १२ मीटरला जवळपास ६ मिमी. पन्हळ दोन्ही टोकांना खिळून टाकलेली असेल तर ही हालचाल सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे डागावर येते. सोल्डर मऊ असतं, उन्हाळाभर रोज ओढलं जाऊन चिरतं. पाऊस फक्त ते दाखवून देतो.

म्हणून पन्हळ मधे एकाच ठिकाणी पक्की करा, बाकी सर्व आकड्यांत (पन्हळ धरणाऱ्या हुकांत) ती नुसती बसू द्या, पुढेमागे सरकेल अशी. दोन्ही टोकांना भिंतीपासून १० मिमी जागा ठेवा. आकडे ६०० मिमीवर घ्या: पूर्ण भरलेल्या अशा पन्हळीत मीटरमागे जवळजवळ ९ लिटर पाणी असतं. उतार मीटरला ५ मिमी. एकाच टोकाला नेलात तर ६० मिमी फरक पडतो आणि डोळ्याला खुपतो. मधून दोन्हीकडे ३०-३० उतार देऊन दोन्ही टोकांना नळ काढा. पाणी किती येईल तेही मोजा. छपराच्या एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. ५० चौरस मीटरवर तासाला १०० मिमीचा जोर आला तर सेकंदाला सुमारे १.४ लिटर. तुमच्या भागातला जुलै पाहता नळ १०० मिमीच्या खाली घेऊ नका.

आता जोड. वरच्या उताराचा तुकडा खालच्याच्या आत यायला हवा, ५० मिमी चढवून. उलट बसवला तर डाग कितीही चांगला असला तरी पाणी फटीत शिरतं. आधी २५-३० मिमीवर रिव्हेट मारा. ताकद रिव्हेटने घ्यायची, डाग फक्त फट बुजवायला. रिव्हेट तांब्याचे नकोत, ओल्यात तांब्याशेजारचं जस्त झपाट्याने खाल्लं जातं. डाग देताना नव्या जीआयवरचा कारखान्यातला संरक्षक थर बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर सोल्डर मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. पातळ केलेलं म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड ब्रशने फिरवा (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही). सोल्डरिंग आयर्न जड, तांब्याच्या टोकाचं घ्या. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॉटचं इथे कामाचं नाही, पत्रा सगळी ऊब पिऊन टाकतो. सोल्डर आयर्नवर नाही, पत्र्यावर वितळलं पाहिजे. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुवा. न धुतलेलं ॲसिड पहिल्याच श्रावणापर्यंत जस्त खातं. डागाऐवजी सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, तेही जस्ताला खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा.

नवी पन्हळ करणार असाल तर दोन गोष्टी. अर्धगोलाला २३६ मिमी पत्रा लागतो, आणि दोन्ही काठांत ४ मिमीची तार गुंडाळायची तर तारेच्या अडीचपट, म्हणजे प्रत्येकी १० मिमी वाढवा: २५६. तार टाळू नका, काठ ताठ राहतो तो तिच्यामुळेच. आणि पाइपवर गोलाई देताना आधी दोन्ही काठ वळवा, मग मधला भाग. मधून सुरुवात केली की काठ सपाटच राहतात आणि पन्हळ परातीसारखी दिसते. जस्ताचा थरही विचारून घ्या. १२० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) म्हणजे दोन्ही बाजू मिळून, एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. २७५ जीएसएममध्ये १९. घाटाच्या पावसाला दुसराच.

ऐरणीऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा चालेल का? आणि गल्लीत ठोकाठोकीची तक्रार येते, काय करावं?
– वाचक, शहापूर

रूळ उत्तम चालतो. ३००-४०० मिमीचा तुकडा, माथा ग्राइंडरने सपाट करून, कडा ३ मिमी गोल करून घ्या. धारदार कडा पत्र्यावर रेघ उठवते. मात्र तो लिलावातून आलेल्या भंगाराचा आणि पावतीसह घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘भंगारात मिळाला’ एवढ्याने सुटका होत नाही.

आवाजाचं म्हणाल तर तो पत्र्यापेक्षा टेबलाचा जास्त असतो. रूळ टेबलावर न ठेवता जमिनीवर उभ्या केलेल्या लाकडी ओंडक्यावर बसवा आणि ओंडक्याखाली जुन्या टायरचा तुकडा घाला. खोलगट कामाला जाड कॅनव्हासच्या पिशवीत कोरडी वाळू तीन-चतुर्थांश भरून तिच्यावर ठोका. गच्च भरली तर ती दगडासारखी होते. मोठा पत्रा झणझणतो, त्याच्या मोकळ्या भागावर दुसरी वाळूची पिशवी नुसती टेकवून ठेवा. मठार मात्र गप्प होत नाही. तो दुपारी चारच्या सुमारास उरकावा, शेजारचं बाळ झोपायच्या वेळी नको.